सासूबाईंना हाक मारणारी मशीन

माझ्या सासूबाई भुताला घाबरत नाहीत. त्यांचा संशय असतो तो फक्त जावयावर.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले जळालेले पंप मी जिवंत करतो, आणि जुनी मशीन दिसली की मला राहवत नाही. दोन वर्षांपूर्वी तांब्याच्या तारेसाठी वणीच्या एका भंगारवाल्याकडे गेलो, तर ताडपत्रीखाली एक चीज निघाली. खाटेएवढी लांब, चार पायांची, वर काच असलेली उतरती पेटी. मागच्या उभ्या फळीवर हिरव्या तोंडाचं, दात विचकणारं, कोट घातलेलं भूत. कोणत्यातरी बंद पडलेल्या क्लबातली पिनबॉलची मशीन!

"घेऊन जा साहेब," भंगारवाला म्हणाला. "थे तोंड पाह्यल्यापासून मायी बकरी दूध देऊन नाई राह्यली."

(मला तेव्हा हा विनोद वाटला.)

महिनाभर खपून मी ती चालू केली आणि घरी बैठकीत आणून मांडली. काय मशीन होती! स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी सुसाट वर जायची, कवट्यांवर आपटून खणखणायची, आणि खाली घरंगळायला लागली की दोन्ही बाजूंची बटणं दाबून छोट्या दांड्यांनी तिला परत वर फटकारायचं. मधोमध एक शवपेटी. तिला गोळी तीनदा लागली की झाकण उघडायचं, दिवे मिणमिणायचे, लांडगा रडायचा आणि पेटीतून एकदम तीन गोळ्या अंगावर यायच्या! मशीनला जोरात धक्का बसला की ती रुसायची. दिवे बंद, खेळ खलास. आणि बराच वेळ कोणी खेळलं नाही तर ती स्वतःच गिऱ्हाइकाला हाक मारायची, इंग्रजीत : "कम ऑन, प्ले!"

फक्त तिचा स्पीकर फाटलेला होता. तो मी चिकटवला. सगळं रामायण त्या चिकटवण्यातून घडलं.

कारण त्याच आठवड्यात फुलसावंगीहून सासूबाई आल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, महिनाभर आराम. मशीन आणि त्यांची खाट यांच्यामध्ये एक भिंत. आणि सासूबाईंचं नाव कमलबाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा, सुनीताचा, दुकानात फोन आला. "घरी या. आत्ताच्या आत्ता!"

घरी पोचलो तर सासूबाई पिशवी भरून दारात बसलेल्या.

"जवाईबापू, तोंडावर सांगाचं होतं ना! मशीनच्या तोंडून कायले सांगता?"

"काय सांगतलं मशीननं?"

"सकाळपासून घोगऱ्या आवाजात म्हणून राह्यली. कमल, पळे! कमल, पळे!"

मी हसलो. हसायला नको होतं!

"अहो आई, थे इंग्रजी हाये. कम ऑन, प्ले. म्हणजे या, खेळा."

"मंग इंग्रजी मशीनले माहं नाव कोनं सांगतलं?"

"आई, कदाचित भूतबित असंन," सुनीता म्हणाली. (ही मला वाचवायला निघाली होती!)

"भूत मले पळ कायले म्हणीन? त्याले का माई खोली पायजेन हाये?"

तेवढ्यात सुनीताच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "परवा तुम्ही फोनवर मित्राले म्हणत होते ना, अजून महिनाभर हाये म्हून?"

"म्हटलं, पण आनंदानं म्हटलं!"

"मी आयकला तो आनंद."

आता प्रात्यक्षिकाशिवाय गत्यंतर नव्हतं. "दहा मिनिटं बसा. ती आपोआप बोलते," मी म्हणालो. तिघंही मशीनसमोर बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. मशीन मौनीबाबा! शेवटी मी उठलो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि पहिला घोट घेतो न घेतो तोच बैठकीतून आवाज आला, "कमलऽ, पळेऽ!"

"पाह्यलं?" सासूबाई ओरडल्या. "जवाई उठला अन् थे बोल्ली! आत बटण हाये, बटण!"

सुनीताने खरंच माठामागे बटण शोधलं. मग शेजारचे राठोड हवालदार बोलावण्यात आले. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, पण चौकशी त्यांच्या अंगात अजून ड्युटीवर होती. त्यांनी मशीनला एक प्रदक्षिणा घातली, मला दोन घातल्या.

"मशीन कोणाची?"

"माझी."

"आवाज कोणी दुरुस्त केला?"

"मीच."

"खोली रिकामी झाली तं फायदा कोणाचा?"

"काका!"

"बरं, खेळून दाखव. पाहू काय काय बोलते."

मी हात जोडून खेळायला लागलो. नेमका त्या दिवशी माझा हात बसला. एकदा लागली, दोनदा लागली, तिसऱ्यांदा लागताच शवपेटी उघडली आणि लांडगा रडला.

"आता रडूनई राह्यली," सासूबाई म्हणाल्या. "जवायानं काय काय शिकवलं इले!"

तीन गोळ्या सुटल्या. मी भान विसरून मशीनला कमरेने असा धक्का दिला की ती रुसली. दिवे गेले, आवाज गेला, सगळं ठप्प!

हवालदारांनी माझ्याकडे खेदाने पाहिलं. "पुरावा नष्ट केला तू."

निकाल असा लागला की सासूबाई राहतील, पण मशीनची वायर त्यांच्या उशीखाली राहील. मी सही तेवढी द्यायची बाकी होती! सुनीताने भुताच्या तोंडावर चादर टाकली आणि पायांभोवती जुनी साडी झालरीसारखी बांधली.

घर शांत झालं. फारच शांत. आणि मग एका संध्याकाळी सहज मशीनवर हात टेकला तर काच गरम! मोटारवाल्याचा हात आहे, गरम काय आणि गार काय, चुकत नाही. दुसऱ्या दिवशीही गरम. बंद मशीन गरम? आता संशय घ्यायची पाळी माझी होती. सुनीताला विचारलं, तर ती "ऊन पडत असंन" म्हणाली. (बैठकीत ऊन येत नाही.) हवालदार तर माझ्याकडे बघून रस्ताच बदलू लागले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दुकान बंद करून मी मागच्या दाराने चोरासारखा स्वतःच्या घरात शिरलो आणि साडीची झालर उचलून मशीनखाली जाऊन बसलो.

थोड्या वेळाने पावलं आली. सासूबाईंचे पाय, सुनीताचे पाय, आणि हवालदारांच्या चपला! वायर लागली. डोक्यावर गोळी गडगडायला लागली.

"आई, डावी दाब, डावी!"

"मले नको शिकवू. चष्म्यातून दिसत नाई, पण आवाजावरून समजते."

"कमलबाई, आता एक लागली का रेकॉर्ड तुमचा!" हा हवालदारांचा आवाज. हाच माणूस मला पुरावा नष्ट करतो म्हणाला होता!

आणि लागली. माझ्या डोक्याच्या बरोबर वर शवपेटी धाडकन उघडली. मी दचकून उठलो, फळीवर डोकं आपटलं, मशीन उडाली, दिवे गेले, आणि त्या शांततेत मशीनच्या पोटातून लांब, घोगरा आवाज निघाला : "आऽऽऽई गंऽऽऽ!"

"ए याडी!" म्हणत हवालदार दिवाणावर चढले. (घाबरला की माणूस थेट आपल्या बोलीत जातो, त्यांच्या बंजारा गोरबोलीत याडी म्हणजे आई.) सुनीता दाराबाहेर. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला, झालर वर केली आणि दिसेल तिथे हाणायला सुरुवात केली!

"आई, मी हाओ! जवाई!"

झाडू थांबला. काळ्या चष्म्यातून त्यांनी मला नीट निरखलं. वाटलं, आता तरी माणूस शरमेल.

"तुम्ही होय!" म्हणाल्या, आणि आणखी दोन हाणल्या. "तीन गोळ्या चालू होत्या माया!"

महिना संपला, चष्मा गेला, सासूबाई गावी निघाल्या. पिकअपमध्ये मागे मशीनही बसली. मी नाही म्हणू शकलो नाही. कपाळावरचं टेंगूळ अजून ताजं होतं.

मागच्या महिन्यात फुलसावंगीला गेलो होतो. सासूबाईंच्या ओसरीवर खेळायला रांग लागलेली. सरपंचबाईसुद्धा उभ्या. मी जावईपणाने मुकाट शेवटी जाऊन उभा राहिलो, तर सासूबाई सगळ्यांदेखत मायेने म्हणाल्या :

"जवाईबापूले आंधी खेळू द्या वं बायांनो. त्यायचं लगेच आटपते."