झाकण सीटवर

गाडीचं ऑइल किती दिवसांनी बदलायचं, हा प्रश्न माझ्या भाऊजींना विचारायचा तर हाताशी भरपूर वेळ असावा लागे. ते सरळ उत्तर देतच नसत. आधी बॉनेट उघडायला लावत. ऑइलची पट्टी ओढून काढत, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत, मग नाकाशी नेत. त्यानंतर उलटतपासणी. रोज कुठे जाता, किती लांब, रस्ता धुळीचा की बरा, चौकातल्या दुकानापर्यंत जायलाही गाडी काढता का. इंजिन धड तापायच्या आत बंद झालं की ऑइल लवकर मरतं, असं त्यांचं म्हणणं. लांब पल्ल्याच्या गाडीला ते मुदत वाढवून देत, गल्लीत फिरणारीची कापत. आणि ‘माझी तर महिनोन् महिने झाकूनच असते’ असं कुणी कौतुकाने म्हणालं, की त्याच्यावर ते विशेष उखडत.

“उभी आहे म्हणून काय झालं? वर्षातून एकदा बदलायचंच. उभ्या उभ्यासुद्धा खराब होतं ते.”

काही गिऱ्हाइकं गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून दाखवत. खरं सांगायचं तर पुस्तकातला आकडा आणि भाऊजींचा आकडा बहुतेक वेळा सारखाच निघे. पण पुस्तकाने तो आधी सांगितलेला त्यांना खपत नसे.

हॉर्न वाजत नसो की काच खाली होत नसो, त्यांचा हात आधी पट्टीकडे जाई. म्हणून सगळे त्यांना पट्टीमास्तर म्हणत. पट्टीचा मेकॅनिक म्हणून पट्टीमास्तर, असा त्यांचा स्वतःचा समज होता, आणि तो मोडायची कुणाला हौस नव्हती.

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागूनच. मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे. फिल्टर हवा असला की ते पान्याने खिडकीच्या चौकटीवर टकटक करायचे, मी वस्तू पलीकडे द्यायचो. ‘जरा दे रे’ एवढंसुद्धा म्हणायचे नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा मान द्यायचा तो मी, आणि टकटक ऐकायची तीही मीच. हाताखाली माणूस टिकत नसे, कारण त्यांच्या मनासारखं काम करणारा अजून जन्माला यायचा होता. घरीही तेच. दिव्याच्या बटणावर, फ्रीजच्या दांडीवर, वर्तमानपत्राच्या कडेवर त्यांच्या दोन बोटांचे काळे ठसे असत, आणि ताई ते पुसता पुसता मला म्हणे, “या घरात चोरी झाली तर पोलीस यांनाच धरतील.”

एका बाबतीत मात्र त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. ऑइल वरून ओतायच्या तोंडाला जे झाकण असतं, ते काढलं की ते ड्रायव्हरच्या सीटवर ठेवत. इंजिनावर नाही, खिशात नाही, सीटवरच. मग गाडीखालच्या खड्ड्यात उतरून नट सोडायचा, जुनं ऑइल तसराळ्यात गळू द्यायचं, नट आवळायचा, वर येऊन नवं ओतायचं, आणि शेवटी सीटवरचं झाकण उचलून लावायचं. मध्ये कुणी बोलायला आलं, फोन आला, गिऱ्हाईक घाई करायला लागलं, तरी नवं ऑइल भरल्याशिवाय कुणाला गाडीत बसता येऊ नये. बसायला गेलं की झाकण आधी टोचणार. मी त्यांची इतकी वर्षं चेष्टा केली, पण हे मला पटलेलं होतं.

पहिली पाल चुकचुकली ती शाळेतल्या एका बाईंच्या गाडीवरून. त्या मागचा दिवा बदलायला आल्या होत्या. चहा पिऊन येते म्हणाल्या आणि परत येऊन बघतात तर भाऊजी खड्ड्यात, आणि तसराळ्यात ऑइल गळतंय. बाई म्हणाल्या, अहो मास्तर, परवाच तर बदललंत. भाऊजींनी खड्ड्यातून मान वर काढली आणि तिरसटपणे विचारलं, मग हे काळं कसं झालं? मी खिडकीतून पाहत होतो. तसराळं वर आलं तेव्हा त्यातलं ऑइल मधासारखं होतं. तळ दिसत होता.

मग टकटक वाढली. एक फिल्टर दिला की जरा वेळाने त्याच गाडीसाठी तोच फिल्टर पुन्हा मागत. आधीचा त्यांच्या बाकावर खोक्यासकट पडलेला असे. मी दाखवला की म्हणत, तो दुसऱ्या गाडीचा. दुसरी गाडी नसायचीच. जुन्या गिऱ्हाइकांशी ते नाव घेऊन बोलायचे बंद झाले. सगळ्यांनाच ‘साहेब’ म्हणायला लागले, आणि लोकांना वाटलं, मास्तर म्हातारपणी नरमले.

ताईला सगळं माझ्या आधी कळलेलं होतं. ती गॅरेजमध्ये येऊन बसायला लागली. कुणी विचारलं तर घरी करमत नाही म्हणायची. मांडीवर परडी घेऊन शेंगा सोलायची आणि नजर त्यांच्या हातांवर. ते थांबले की सहज बोलल्यासारखं म्हणायची, “झाकण सीटवर ठेवलंत ना?” किंवा, “नवा डबा उघडून देऊ का?” तेही तेवढ्या धाग्यावर पुढचं काम बिनचूक करत. हात बसलेला होता, फक्त पुढचं पाऊल कुणीतरी आठवून द्यावं लागे. गिऱ्हाइकांना काही कळत नव्हतं. कळू न देणं हाच ताईचा दिवसभराचा उद्योग होऊन बसला.

मी तिला स्पष्ट सांगितलं की गॅरेज बंद कर. यात लोकांचे जीव आहेत. दोनदा नव्हे, अनेकदा सांगितलं, आणि शेवटी आवाज चढवून सांगितलं. ती शेंगा सोलतच म्हणाली, “हे गेलं की त्यांच्याकडे काय उरतं रे? मी आहे ना इथे. मी बसते ना.” मी म्हटलं, तू कुठवर बसणार? तिने मला माझं दुकान बघायला सांगितलं. अंगाची लाही लाही झाली, पण ती थोरली. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेल्या माणसाला काय दाखवणार?

त्या दिवशी भाची आली होती, त्यांची एकुलती एक मुलगी, तिच्या लहानग्या लेकीला घेऊन. लांबच्या प्रवासाला निघायचं होतं. बाबांच्या हातचं ऑइल पडल्याशिवाय ती कधी लांब जात नसे. नात आल्यामुळे ताईची धांदल. पोरीला भूक लागली म्हणून ती तिला घेऊन घरी गेली, जरा वेळाने येते म्हणून. मी दुकानात गिऱ्हाइकात अडकलेलो. भाऊजींनी ऑइल गाळलं, नट आवळला, वर आले. नेमका कुणाचा तरी फोन आला. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी बॉनेट पाडलं, हात पुसले आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. ती घरी गेली, पोरीला मागे बसवलं आणि निघाली. सीटवर काही टोचलं नाही.

वाटेत समोरचा लाल दिवा लागला. ऑइलच्या किटलीचं चित्र असलेला. तिला तो दिसला. ती मला नंतर म्हणाली, “मामा, मला वाटलं, दिवाच बिघडलाय. बाबांनी आत्ताच ऑइल घातलंय ना.” दिव्यापेक्षा तिचा बापावर विश्वास जास्त. पुलावर इंजिनाने आधी खडखड केली आणि मग ते जागच्या जागी जाम झालं. मागून टेम्पो येत होता. त्याने ब्रेक दाबले, पण पुरले नाहीत. पोरीला खरचटलं सुद्धा नाही. भाचीच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पुढेही जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.

संध्याकाळी दवाखान्यातून परत आल्यावर ताईने भाऊजींचे कपडे भिजत घालायला घेतले. शर्टाच्या खिशात ते झाकण होतं. तिने ते मला दाखवलं नाही. मोरीतून ती इतका वेळ बाहेर आली नाही, की मीच आत जाऊन पाहिलं.

भाऊजींना यातलं काहीही कळू द्यायचं नाही, असं ताईने ठरवलं. भाचीही म्हणाली, मामा, बाबांना सांगायचं नाही. टेम्पोने ठोकलं एवढंच त्यांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. लेकीचा गळ्यात अडकवलेला हात बघून ते टेम्पोवाल्यांच्या साऱ्या जमातीला शिव्या देत बसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, हाताला काय झालं? गॅरेजला कुलूप लागलं. मी इतके दिवस जे मागत होतो ते मिळालं, आणि मला ते मुळीच गोड लागलं नाही.

घरी त्यांचे हात स्वस्थ बसेनात. नळ उघडून ठेवले, पंखा खोलला, शिलाईच्या मशीनमधलं तेल काढून टाकलं. मग ते सगळं थांबलं आणि ते खिडकीशी बसून राहायला लागले. जेवण समोर ठेवलं तरी बोटं नुसती एकमेकांवर चोळत राहायची, अंगठा आणि तर्जनी. ताई खंगली. एक दिवस मला म्हणाली, “कुलूप काढ. एक गाडी त्यांना दे.” मी विचारलं, कुठली गाडी? कोण देणार? गाडी आत उभीच होती. भाचीची. इंजिन गेलेलं, मागची बाजू चेपलेली. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि भंगारात घालायला भाचीचं मन होत नव्हतं.

तेव्हापासून भाऊजी रोज सकाळी गॅरेजमध्ये येतात आणि त्या गाडीचं ऑइल बदलतात. रोज. पट्टी काढतात, बोटांत चोळतात, नाकाशी नेतात आणि म्हणतात, झालं, मेलं हे. खड्ड्यात उतरतात. दुपारी ते जेवून पडले की ताई तसराळ्यातलं ऑइल फडक्यातून गाळून पुन्हा डब्यात भरते आणि डबा माझ्याकडे आणून ठेवते. सकाळी टकटक झाली की मी तोच डबा खिडकीतून देतो. आयुष्यभर मी कुणाला वापरलेलं ऑइल नवं म्हणून विकलं नाही. आता सख्ख्या भाऊजींना रोज तेच खपवतो. इंजिन फिरतच नाही, त्यामुळे ऑइल तसंच राहतं, पहिल्या दिवसासारखं. जेवण पुन्हा पोटात जायला लागलं. ताई शेजारी परडी घेऊन बसते. आपलं बरं चाललंय असं तिने स्वतःला समजावलं होतं, आणि मीही वाद घातला नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी पट्टी काढली, थेंब चोळला आणि चोळतच राहिले. मेलं म्हणाले नाहीत. पट्टी बाजूला ठेवून मोठा पाना घेतला, वाकले आणि इंजिन हाताने फिरवून पाहायला लागले. हे त्यांनी गाडी आल्यापासून कधी केलं नव्हतं. पाना हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, मग सोडून दिलं. मान वर केली तेव्हा चेहरा निराळाच होता. पूर्वीचा. मला खिडकीतून तो लख्ख ओळखीचा वाटला.

“जाम आहे हे,” ते म्हणाले. “ऑइल न भरता सोडलीय गाडी. कुणाच्या हातची?”

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी घाईघाईने म्हटलं, होता एक गॅरेजवाला, आता बंद झालंय त्याचं.

“बंद व्हायलाच पाहिजे. झाकण सीटवर ठेवायला काय होतं? माणूस बसतो गाडीत. पोरंबाळं बसतात.”

“चांगला होता हो तो,” ताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. “वय झालं होतं. विसरायला लागला होता.”

भाऊजींनी यावर विचार केला. राग उतरला त्यांचा. फडक्याने ते एक एक बोट पुसायला लागले.

“मग त्याची काय चूक?” ते म्हणाले. “विसरणाऱ्याला कुठे कळतं? पण त्याच्या घरात कुणी नव्हतं का?”

मी ताईकडे बघू शकलो नाही.

“होती,” ती म्हणाली. “बायको होती.”

“मग?”

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते तिच्याकडे बघत थांबले. ताई परडी मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि तिचे ओठ नुसतेच हलत होते. थोड्या वेळाने त्यांची नजर तिच्यावरून सरकली, गाडीवर गेली, आणि प्रश्न कुठला होता तेच निघून गेलं. चेहऱ्यावरचा तो पूर्वीचा माणूसही गेला. त्यांनी वरचं झाकण काढलं, दार उघडून ते नीट सीटच्या मधोमध ठेवलं आणि खड्ड्यात उतरले.

ऑइल गळायचा आवाज येत राहिला. मग ते वर आले आणि खिडकीवर टकटक झाली. ताई उठली नाही. मी डबा दिला.