रेंगाळणारा मुद्देमाल

ती तक्रार आठवली की आजही मला आधी हसू येतं, मग स्वतःची लाज वाटते.

भूमच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. खबऱ्यानं टीप दिली: एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणारी बाई गिऱ्हाइकांच्या फोनमधले चांगले पार्ट काढून जुने बसवते. त्याच संध्याकाळी एक म्हातारे मेंढपाळ, सगळ्यांचे आबा, तिच्याविरुद्ध लेखी तक्रार घेऊन आले. स्क्रीन बदलल्यापासून त्यांचा फोन रेंगाळत होता. मी स्वतः पाहिलं. ओव्यांचा व्हिडिओ उघडेपर्यंत माझा चहा संपला.

बाईला बोलावलं. "काय काढलंत?" हा एकच प्रश्न मी चार तऱ्हांनी विचारला.

"काहीच न्हाय, साहेब. आबा सकाळी आणतेत तवा फोन पळतोय. स्क्रीन नवी झाल्यापास्नं दिवसभर माळावर ओव्या ऐकतेत, चार्जिंग उतरतं..."

"पळवाटा नकोत!" मी तिला तोडलं. पंचनामा करून फोन ताब्यात घेतला आणि तिच्या दुकानापुढं जाऊन, लोकांदेखत, चौकशी होईपर्यंत दुकान बंद ठेवायला बजावलं. तसा कोणताही हुकूम माझ्या हातात नव्हता. तिचा सासरा तर वाटच बघत होता. "बाईमाणसाचं काम न्हाय ते. आता उघडूच नको," असं त्यानं माझ्यादेखत सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना आणि बाईला ठाण्यात बोलावून पंचांसमोर फोन काढला, तर तो घोड्यासारखा पळाला!

आबा खूश. "बघा, पोलिसाच्या धाकानं फोनबी सुधारला!"

मुद्देमाल सांभाळणाऱ्या महिला हवालदारांवर मी ओरडलो, "मुद्देमालाला हात कुणी लावला?"

"मीच, साहेब. बंद पडला होता. आयएमईआय नंबर बघायचा म्हणून चार्जिंगला लावला."

मग बाई म्हणाली, "साहेब, आता उतरवून बघा की."

आबांनी पंचांसमोरच ओव्या लावल्या. दुपारपर्यंत सगळं ठाणं ऐकत होतं. ठाणे अंमलदार डोलत डोलत नोंदी करत होते. चार्जिंग पंधरा टक्क्यांवर आलं आणि फोन पुन्हा रेंगाळला. बाईनं सेटिंग उघडून दाखवली. चार्जिंग कमी झालं की उरलेलं पुरावं म्हणून फोन आपणहून मंद चालत होता. तिनं ती सोय बंद केली, तसा तो पळू लागला.

"म्हंजी ह्यो माझ्यावानीच," आबा म्हणाले. "दिस उतरला की पाय वढतोय!" बाईसुद्धा खळखळून हसली.

हेच ती पहिल्या जबाबात सांगत होती. फोन कधी रेंगाळतो, हे मी विचारलंच नव्हतं. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा अधिकारी तपास करत नाही, निकाल देतो. आणि तो अधिकार त्याला कुणीही दिलेला नाही. भर रस्त्यावर अब्रू घेतली असेल, तर बंद खोलीत माफी मागून भागत नाही.

म्हणून बाजाराच्या दिवशी तिच्या दुकानापुढं गणवेशात उभा राहून मी चूक कबूल केली. गर्दीतून आबांनी हाळी दिली, "सायेब, लई हळू बोलताव! शेरडाच्या बाजारात ऐकू येईना!"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. दुकानाचं शटर वर केलं ते तिच्या सासऱ्यानं.