मधला खण

आमच्याकडं घर फुटात मोजत नव्हते, खणात मोजत. दोन खांबांच्या मधात जी जागा सुटते तो एक खण. नातवाला शाळेत मास्तरनं सांगितलं की हा शब्द खंडावरून आला, खंड म्हणजे तुकडा. असेल. मी चौथी नापास माणूस, पण मला ते पटत नाही. माझा बाप सांगे, वरचं लाकूड न वाकता जेवढं ओझं पेलतं, तेवढ्यावरच दुसरा खांब रोवायचा. म्हणजे खण निघाला लाकडाच्या ताकदीतून. तुकडा कुठून आला त्यात?

बापानं सातपुड्याच्या पायथ्याकडून बैलगाडीनं साग आणला आणि पाच खणांचं घर बांधलं. खण विषमच ठेवतात, तीन, पाच, सात. सुतार म्हणे, ते शुभ असतं. बाप म्हणे, पोरं दोन आहेत, घर मधातून कापता येऊ नये. मधल्या खणात देवांचा कोनाडा केला. आम्हा दोघा भावांना हळद तिथंच लागली, आणि बाप गेला तेव्हा त्याला निजवलंही तिथंच.

धाकट्याच्या पोराचं लग्न जमलं तसा तो वाटणी मागू लागला. दोन खण तुमचे, दोन माझे, मधल्यात भिंत घालू, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, मग देव कोणाकडं? गावातली चार माणसं समजूत काढायला बसली. एक जण म्हणाला, देव भिंतीतच बसवा, एक डोळा इकडं, एक तिकडं. सगळे हसले. मी हसलो नाही, धाकटाही हसला नाही.

शेवटी तो उठला. "भाऊ, पाचही खण तुमीच ठेवा. मी या घरात पाय नाही ठेवत आता."

"नको ठेवू. पन घर मी कापू देत नाही बे."

तो बायकापोरं घेऊन जळगाव जामोदला भाड्याच्या खोलीत गेला. मी गेलो नाही, तो आला नाही. एकदा बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर दिसला. खामगावच्या दवाखान्यात जायला निघाला होता, फार वाळला होता. दोघंही नुसते उभे राहिलो. मग त्याची बस लागली.

यंदा उन्हाळ्यात पुतण्याचा फोन आला, बाबा गेले म्हणून. मी सुनेला मधला खण सारवायला लावला आणि पुतण्याला म्हणालो, "त्याले घरी आन. बापाले निजवलं तिथंच निजवू."

पोरगा म्हणाला, "मोठेबाबा, बाबा सांगून गेले. इथूनच न्या म्हनले."

मग मीच गेलो. खोली एवढीशी की माणसं जिन्यात उभी होती. पहिला खांदा मी दिला. मला कोणी अडवलं नाही.

लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं हट्टापायी भाऊ घालवला. म्हणोत. मी घर कापलं नाही, आजही कापणार नाही. त्या दिवशी परत आलो तेव्हा सारवलेली जमीन सुकली होती. तिच्यावर एक पाऊल उमटलं नव्हतं. मी दारातूनच पाहिलं आणि ओट्यावर येऊन बसलो. सुनेनं आंघोळीला पाणी काढलं, हाका मारल्या. मला उठवेना.