नऊ दिवसांचं काळं सूत आणि रिह्याचं शिवार

मागच्या पोस्टखाली एकाने विचारलं होतं, "छान आहे, पण याचं करायचं काय?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झालाय की आता मी उत्तर देत नाही, टकळी फिरवत राहते. नवीन वाचकांसाठी सांगते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, महाळुंग्याला अकराव्या मजल्यावर राहते आणि रोज पहाटे पाऊण तास लोकर कातते. मग ते सूत क्रोशाच्या सुईने विणते, कुठलाही नमुना न ठरवता, हात नेईल तिकडे. त्याचा ना स्वेटर होतो ना पिशवी. आमच्याकडे देव्हारा आहे, तिथे दिवा नवरा लावतो. माझी पूजा ही अशी. तिचा नियम एकच : विणलेलं उसवायचं नाही. दिवस जसा गेला तसं सूत निघतं, आणि ते तसंच राहतं.

तर हिंजवडीपलीकडे रिहे गाव आहे, त्याच्या खोऱ्यातल्या एका फार्महाऊसवरून फोन आला. तिथे ध्यानाची शिबिरं होतात. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी माझं सगळ्यात मोठं विणकाम फोटोत पाहिलं होतं आणि नव्या ध्यानाच्या खोलीत त्यांना ते लावायचं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाला माझ्या घराबाहेरची भिंत मिळणार होती. मी ऑफिसात टेबलाखाली पाय नाचवत होते, खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी साडेसहाला स्कूटरला मागे गुंडाळी बांधून निघाले. जाणार असाल तर शनिवार-रविवारीच जा. इतर दिवशी हिंजवडी ओलांडेपर्यंतच कंपन्यांच्या कॅबमागे उभं राहून जीव जातो. माण मागे पडलं की टॉवर संपतात आणि खड्डे सुरू होतात. घोटावड्याच्या अलीकडे टपरीवर चहा आणि दोन वडापाव खाल्ले, पन्नास रुपयांत पोट भरलं. शंभराच्या पेट्रोलमध्ये जाणं-येणं आरामात होतं. डिसेंबर असल्याने भातं निघून गेली होती, खाचरांत नुसती धसकटं. रिह्याच्या अलीकडे एका खाचरात मेंढ्यांचा कळप दिसला. भात निघालं की फलटणकडचे मेंढपाळ इकडे उतरतात आणि शेतकरी खतासाठी त्यांच्या मेंढ्या रात्री आपल्या शेतात बसवून घेतात. थांबायचा मोह झाला, पण घाई होती.

फार्महाऊसवर गवती चहा मिळाला, तो उत्तम होता. दीदींनी विणकाम गादीवर पसरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"अप्रतिम आहे गं," त्या म्हणाल्या. "हा खालचा गुलाबी कोपरा तर काय गोड! फक्त हा मधला काळा पट्टा... एनर्जी फार हेवी आहे. लोक इथे रिलॅक्स व्हायला येतात. एवढा काढून टाक आणि दोन्ही बाजू जोड. कडाही सरळ होतील."

तो काळा पट्टा दीड वीत आहे. आई लातूरला आयसीयूत होती तेव्हा नऊ दिवस मी बाहेरच्या बाकावर काळी लोकर कातत होते. हात थांबला की रडू यायचं, म्हणून थांबवत नव्हते. सुताला इतका पीळ बसला की ते आपल्याआपणच वळून गाठी मारायला लागलं. दहाव्या दिवशी आई गेली. नंतर मी ते सूत गाठींसकट विणलं.

हे सगळं मी दीदींना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तर सोडूनच द्यायला हवं. तुझ्यासाठीच सांगतेय." आणि त्यांनी कात्री मागवली.

कात्री बघितली आणि माझं डोकं सटकलं. "दीदी, लावायचं तर जसंच्या तसं. नाहीतर राहू द्या."

"चिडू नकोस. विचार कर. संध्याकाळपर्यंत मी वाट बघते."

मी गुंडाळी उचलून बाहेर पडले खरी, पण फाटकाबाहेर स्कूटरला किल्ली न लावता उभी राहिले. दीड वीतच तर आहे. नुसतं उसवायचं, कुणाला कळणार होतं? एक भिंत मिळाली असती. आई असती तर तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं असतं. मला ती भिंत हवी होती, आणि तशी हवी होती याचा रागही येत होता.

परतताना मघाच्या खाचराशी थांबले. एक पन्नाशीची बाई मेंढ्यांमागे चालता चालता टकळी फिरवत होती. मला बसूनही जमत नाही इतकं एकसारखं सूत ती दगडधोंड्यांतून चालत काढत होती. सखूबाई तिचं नाव.

"गाडीला काय बांधलंय गं? घोंगडं हाय का?"

"नाही मावशी, बघा तरी."

मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीला, म्हणजे वाघरीला, आम्ही ते अडकवलं. सखूबाईने वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि बोट थेट काळ्या पट्ट्यावर ठेवलं. "हितं पीळ लई बसलाय."

"आई आजारी होती तेव्हाचं आहे."

"गेली?"

"गेली."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "आन् ह्याचं करायचं काय?"

मला हसूच फुटलं. "काही नाही. नुसतं टांगायचं."

"हातरायचं न्हाई? पांघरायचं न्हाई?"

"नाही."

"येडी हायेस तू," ती म्हणाली. दीदींच्या अप्रतिमपेक्षा हे मला बरं वाटलं, कारण तिने कात्री मागितली नव्हती.

मी तिला विचारलं, "हा पट्टा उसवला तर?"

"उसवून काय करशील? असलं सूत पुन्ना सरळ व्हतंय व्हय? पन तुटायचं बी न्हाई. आमी असलं घोंगड्याच्या काठाला घालतो."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मागे, मेंढ्यांबरोबरच्या शेळ्यांतलं एक करडू वाघरीपाशी आलं होतं. सखूबाई ओरडली तोवर उशीर झाला होता. दीदींचा लाडका गुलाबी कोपरा चार बोटं गायब. काळ्या पट्ट्यालाही त्याने तोंड लावलेलं दिसत होतं, तो ओला होता, पण त्यातला धागासुद्धा तुटला नव्हता. सखूबाई पोट धरून हसली. मग पिशवीतून कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर काढून दिली. मी बांधावर बसून तिच्याच टकळीवर ती कातली, "वढू नगं, सोड, सोड" असं ऐकत, आणि पर्समध्ये कायम असणाऱ्या क्रोशाच्या सुईने तिथेच तो कोपरा भरला. वेडावाकडाच झाला.

मग दीदींना फोन केला. "कोपरा करडाने खाल्ला, तिथे मी नवीन विणलंय. पट्टा आहे तसाच आहे. लावता?"

"चेष्टा करतेस का?"

"नाही."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.

दुपारी तीनला घरी पोचले. भिंत गेल्याचं दुःख झालं, अजूनही होतं. पण मी दिवाणखान्यातलं लग्नात मिळालेलं मोठं घड्याळ उतरवलं आणि त्याच खिळ्याला विणकाम टांगलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने उतरवलेलं घड्याळ पुसून कपाटात ठेवलं. ज्यांना याचं करायचं काय हा प्रश्न अजून पडतो, त्यांनी माझ्याकडे येऊन चहा प्यावा. उत्तर मिळणार नाही.

आईचा फोटो मी अजून घरात लावलेला नाही, लावूच शकलेले नाही. सोमवारी पहाटे टकळी घेऊन बाहेर आले तर देव्हाऱ्यातला दिवा लागला होता, आणि काळ्या पट्ट्याखाली, स्टुलावर, दुसरा एक छोटा दिवा होता. नवरा काडेपेटी हातात घेऊन उभा होता.

"लांबच ठेवलाय," तो म्हणाला. "लोकर आहे, पेटायला नको."