दावं देत नाहीत

मोटारीत बसण्याआधी आप्पा तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहत. धोतराच्या सोग्यानं लोखंडी हँडल पुसत, ते बॉनेटखाली अडकवत आणि म्हणत, "चाल माय, दुन्या वाट देखी ऱ्हायनी." मग दोन हिसके. तिसऱ्या हिसक्याची वेळ आलेली मी कधी पाहिली नाही.

नाव नाही सांगत, सारं धानोरा त्यांना आप्पा म्हणे. घरची शेती, कापूस आणि मिरची. गोठ्यात सहा बैल आणि बैलांच्या शेजारी ही मोटार. बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. सेल्फ स्टार्टर मेलेला, टपाला तीन ठिगळं, पण वाटेत तिनं एकदाही दगा दिला नाही. गावातलं बाळंतपण अडलं की लोक आधी आप्पांच्या ओट्यावर जात, वैद्याकडे नंतर. मी शाळेत मास्तर. इंग्रजी कागद वाचता येतात एवढ्या एका गुणावर मोटारीत माझी पुढची जागा ठरलेली.

आप्पांच्या पोरीचं लग्न ठरलं आणि थोरल्या मुलानं हट्ट धरला, जुनी देऊन नवी घ्यायची. "व्याही हासी, आप्पा," एवढंच तो म्हणे, पण दिवसातून दहा वेळा म्हणे. आप्पांनी एकदाचा शब्द दिला. दिलेला शब्द फिरवणारा हा माणूस नव्हे. म्हणूनच त्यांची झोप उडाली.

रोज सकाळी माझ्या दारात. "मास्तर, दात गयात म्हनीसन माय बदलतस का?"

"माय नाही बदलत आप्पा. मोटार बदलतात."

"मंग बदली टाकू." असं म्हणून तरातरा निघून जात आणि दुसऱ्या दिवशी, मी तोंड धुवायच्या आत, पुन्हा हजर. "रातभर ती मन्हाकडे देखी ऱ्हायनी व्हती." अहो, दोन महिने हे ऐकलं मी! शेवटी मलाच गोठ्याकडे बघायची चोरी झाली.

सुरतेचा दलाल नवी मोटार घेऊन नवापूरला आला. आम्ही तिघं जुनीतून गेलो: आप्पा, थोरला आणि कागद वाचायला मी. स्टेशनजवळच्या चिंचेखाली ती नवी काळी कुळकुळीत उभी. दलालानं नुसतं एक बटण दाबलं आणि गाडी गुरगुरायला लागली. "अरे बाप!" आप्पांच्या तोंडून निघालंच. थोरला तर केव्हाच तिच्या स्टिअरिंगमागं जाऊन बसला होता.

कागद वाचला, सही झाली. आप्पांनी जुनीचा वाळका हार काढला, कपाळाचं कुंकू ठीक केल्यासारखा बॉनेटवरून हात फिरवला, हँडल ओढून घेतलं आणि काखेत मारलं.

"शेठ, हँडल?" दलाल म्हणाला.

"दावं शे हाई," आप्पा म्हणाले. "बैल इकतस, दावं नही इकतस."

आमच्याकडची रीतच आहे ती. बैल विकला की त्याचं दावं सोडून घ्यायचं आणि घरच्या खुंटीला टांगायचं. दावं गेलं तर गोठ्याची लक्ष्मी त्याच्यामागं जाते. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं.

"अरे पण हँडल वगर गाडी केम चाले?"

"तुमनं दावं तुम्ही लई या."

दलालानं कपाळावर हात मारला. इतक्या जुन्या मोटारीचं हँडल आता सुरतेलाही मिळत नाही. हँडल द्या, नाहीतर कागद फाडा, असं त्यानं सांगून टाकलं. मी हळूच म्हटलं, "द्या हो आप्पा. लोखंडाचा तुकडा तो."

आप्पांनी हात पुढे केला. खरंच केला, मी पाहिला. पण बोटं उघडेनात. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "मास्तर, मन्हा हातमाईन सुटत नही."

कोणी काही बोलायच्या आत थोरला नव्या मोटारीतून उतरला. दार हळू लावलं त्यानं. कागद फाटला आणि आम्ही परत निघालो.

चिंचपाड्यापर्यंत पोरगा खिडकीला डोकं टेकून बसला होता. पुढच्या चढावर म्हाताऱ्या मोटारीनं खाकरून तीन ठसके दिले. आप्पा म्हणाले, "देख, हासी ऱ्हायनी." मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला, पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग आम्ही तिघं इतके हसलो की आप्पांना गाडी थांबवावी लागली.

लग्नात तिच्या दिव्यांना बैलाच्या शिंगांसारखा हिंगूळ लावला होता. व्याही हसले, पोट धरून हसले, आणि वरातीत पुढच्या जागेसाठी आपसात भांडले.

पुढं काही वर्षांनी आप्पा गेले. पोळ्याला बैलांबरोबर मोटारीलाही स्वतःच्या हातानं ओवाळलं आणि आठवड्यानं गेले. त्यांच्यामागं गाडी उभीच राहिली. दुसऱ्या वर्षी थोरल्यानं नवी घेतली, आणि जुनी न्यायला नंदुरबारचा एक भंगारवाला आला. मीही गेलो होतो. कशाला गेलो, कोण जाणे.

"हँडल कोठे शे?" भंगारवाल्यानं विचारलं.

थोरल्याच्या काखेत होतं. "तुमनं दावं तुम्ही लई या," तो म्हणाला.

शेवटी आप्पांचीच बैलजोडी मोटारीला जुंपली. बैलांनी जोर लावला, पण मातीत रुतलेली चाकं हलेनात. तेव्हा थोरला पुढ्यात जाऊन उभा राहिला. धोतराच्या सोग्यानं हँडल पुसलं, परत काखेत मारलं आणि बापाच्याच आवाजात म्हणाला, "चाल माय, दुन्या वाट देखी ऱ्हायनी."

दोन हिसक्यांत निघाली.