काशीत लागलेली भूक

माणसाला भूक लागत नाही म्हणजे काय, हे मला यांच्या ऑपरेशनपर्यंत ठाऊक नव्हतं. पोटाचा मोठा भाग काढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडं थोडं खायचं, दिवसातून बऱ्याच वेळा, आणि मधे चालायचं. पण हे खातच नव्हते. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघायला जायचे, आमचे हे गरम जिलेबीसाठी जायचे, असा हा माणूस! तो आता ताट समोर आलं की भिंतीकडे बघत बसायचा. सदरे अंगावर लोंबायला लागले. सकाळी दिवा लावताना मी देवाशी सरळ भांडायचे. म्हणायचे, पोट नेलंस ते नेलंस, भूक कशाला नेलीस?

काशीला जायचं आमच्या मनात फार वर्षांपासून होतं. कधी कपाशीची वेचणी आडवी यायची, कधी केळीची कापणी. या खेपेला मात्र मला एकदम सुचलं, की डॉक्टर जे म्हणतात तेच तर काशीत होईल. गल्लीतून चालायचं, दोन घास खायचे, पुन्हा चालायचं. झालं, मी कामाला लागले. गाईड नको, रिक्षा नको, आपलं आपण पायी. फोनवर नकाशा उघडून खुणा करत बसायचे. सकाळी कचोरीचा एवढासा तुकडा. मग मलइयो, म्हणजे थंडीतच मिळणारा दुधाचा गोड फेस, त्याला चावायची दगदगच नाही. मग टमाटर चाट, तिखट कमी टाकायला सांगून. चढ कुठे आहे, टेकायला ओटा कुठे मिळेल, तेही जाऊन आलेल्यांना विचारून घेतलं. जाऊबाईंनी चिडवलं, "देवले चालनी का हाटेलमा चालनी व?" मी म्हटलं, दोन्हीकडे. ते ऐकून हेसुद्धा हसले, आणि यायला तयार झाले.

काशीला गेलं की आपल्या आवडीची एक खायची वस्तू कायमची सोडून यायची असते. मी यांना रेल्वेतच बजावून ठेवलं होतं, "कारलं सोडा. तसंही तुम्ही ते तोंडात घालत नाही." यांनी मान हलवली. मला वाटलं, काम फत्ते. दुसऱ्या दिवशी गंगेत स्नान झाल्यावर मराठी बोलणाऱ्या गुरुजींनी विचारलं, काय सोडता? यांनी हात जोडले आणि म्हणाले, "वांगं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, आमच्याकडच्या माणसानं वांगं सोडायचं? हिवाळा आला की शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, यावर तर हा माणूस वाढला. जरा काही खावंसं वाटेल अशी जी एक आशा होती, तीच यांनी पाण्यात सोडली. मी तिथेच बोलले. हे शांतपणे म्हणाले, "कारलं दिसन देवले फसवू का व?" कारलं देऊन देवाला फसवायचं नव्हतं यांना. पण राग गेला नाही. ओल्या केसांनी पुढे चालत राहिले, हे मागून हळूहळू.

माझी आखणीही पार कोलमडली. कचोरीचा तुकडा यांनी तसाच ठेवला. मलइयो आम्ही पोचेपर्यंत संपला होता. चाटचा वास येताच यांनी तोंडावर रुमाल धरला. एका अरुंद गल्लीत हे पायरीवर बसले, आणि मी भर रस्त्यात आपल्या बोलीत ओरडले, "काय खाशात तुम्ही? मन्हं डोकं?" लोक वळून बघायला लागले. मला रडू आवरेना.

तेवढ्यात कुठून तरी वास आला. गोवऱ्यांचा धूर, जळकी साल, लसूण, मोहरीचं तेल. यांनी मान वर केली. म्हणाले, "मले भूक लागनी."

मी यांना हाताला धरून उठवलं. पुढच्याच वळणावर एक बाई विस्तवावर बाट्या भाजत बसली होती आणि शेजारी परातीत चोखा होता. चोखा म्हणजे आपलं भरीतच, वांग्याचं! यांनाही ते माहीत होतं. यांनीच मोडक्या हिंदीत विचारलं, "इसमें बैंगन है?" बाई म्हणाली, "नहीं बाबूजी. बैंगन तो हमने गंगा मैया को दे दिया. हमारे यहाँ आलू-टमाटर का ही बनता है."

याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. झालं ते सांगते. तिनं द्रोणात बाटी कुस्करून त्यावर चोखा दिला, आणि हे खायला लागले. बोटं चाटून खाल्लं. मग द्रोण पुढे करून म्हणाले, "आखो." आखो म्हणजे आणखी.

आणि मी काय केलं? माझ्या डोक्यात डॉक्टर होते, फोनमधल्या पुढच्या खुणा होत्या. मी यांच्या हातातून द्रोण काढून घेतला. म्हटलं, "पुरे आता. जड होईल. अजून पुढे जायचंय." हे धोतराला हात पुसून उठले. त्या बाईचा वाढायला उचललेला हात तसाच राहिला.

पुढे कुठेच यांनी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी ती गल्ली शोधली, सापडली नाही. घरी येऊन मी काड्यांवर बटाटे-टमाटे भाजून तसाच चोखा कितीदा केला. माझं मन राखायला हे घासभर घ्यायचे. ती भूक मात्र परत आली नाही. होळीच्या आधी हे गेले. डॉक्टर म्हणतात, एका द्रोणानं काही फरक पडला नसता. ते मला पटतं. पण मागणाऱ्याला मी नाही म्हटलं, ते काही केल्या मनातून जात नाही.

काशी केली की तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाचं दर्शन घ्यायचं, तेव्हाच यात्रा पुरी होते असं आमच्याकडे मानतात. ते आमचं राहिलं होतं. परवा मी एकटी जाऊन आले. पिंडीसमोर खूप रडले. म्हटलं, महादेवा, भूक तू पाठवलीस, वांग्याशिवायचं वाढणारी तू बसवलीस, 'पुरे' तेवढं मी म्हटलं. तरी यांच्या तोंडून 'आखो' ऐकवलंस, तुझे उपकार कसे फेडू? आता मी मधे हात घालणार नाही. तू वाढशील ते, आणि तू वाढशील तेवढं.