वावधानानं वाटलेले पोट्टे

हरिदासभाऊले लोक साधा माणूस म्हणतात. साधा! त्याच्या बालगृहात सयपाक मी करत होती, मले विचारा ना. मूळचा वरोऱ्याचा. लगन केलं नाई. संस्थेनं वडश्याकडच्या आमच्या जंगलातल्या गावात धाडला, आन् अनाथ पोट्टे सांभाळत इथीच राह्यला. राग नाकावर, हसू ओठावर, आन् दोनी एकाच वेळी येत.

पंच्याऐंशीच्या वैशाखात भर दुपारी वावधान सुटलं. पोट्टे माह्या रांधणखोलीत जेवत होते म्हणून वाचले. बाहेर छपराचे टिनं उडाले, बापा रे, जशा पत्रावळी! वारा-पाणी थांबलं तसा हरिदासभाऊ धावत आला, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून पाह्यला, आन् हसतच सुटला. "छप्परच गेलं गिरजाबाई, छप्परच! पोट्टे सप्पेच्या सप्पे आहेत, एक बी कमी नाई!" दोघायले कडेवर घेऊन चिखलात नाचला. मी म्हटलं, "येड लागलं का गा? हे आता झोपतीन कुठी?" पण खरं सांगते, माह्या बी छातीत ढोल वाजत होता.

ते हसू दोन दिवस बी टिकलं नाई. नागपुराहून संस्थेचे अध्यक्ष आले. मोडकं घर पाहून म्हणाले, "हे बंद करू. सोमवारी ट्रक पाठवतो. मुलं चार शहरांतल्या चार आश्रमांत वाटून देऊ." म्हणजे सीता एकीकडं, तिचा धाकटा भाऊ बुधू दुसरीकडं! साहेब गेले, आन् हरिदासभाऊ तापला. "पोट्टे आहेत का कांदे, पोत्यात भरून न्याले? सोमवारच्या आत छप्पर उभं करतो. मंग पाहू, कोन बंद करते!"

पण तवरीक पोट्टे ठेवाचे कुठी? तर हा घरोघर फिरला. "छप्पर होतवर ठेवा, मंग घेऊन जातो." कोनं एक नेला, कोनं दोन. सीता-बुधूले गावातल्या लालसूची बायको बायनाबाई, तिनं नेलं. गोंडाचं घर, खाऊन-पिऊन सुखी, पण पाळणा हालला नव्हता.

मंग का! बांबू आले, गवत आलं, गावचे मानसं वर चढले. रविवारी छप्पर उभं! हरिदासभाऊनं खुशीत जेवणाची घंटी बडवली. बडवतच राह्यला. दोन पोट्टे आले. बाकी कोनी नाई.

"लोकायले आयकू आलं नसन," म्हणे.

"अगा भाऊ, चांद्यापर्यंत गेली तुही घंटी!"

आमी बायनाबाईकडं गेलो. ती दारातच आडवी. "नाई देत."

"बाई, बोली काय झाली होती?"

"बोली तुह्यासंगं झाली. देवासंगं येगळी झाली. यंदाचा आंबा या दोघायच्या हातानं देवाले वाहिला. आमच्या घरी तो घरच्याच लेकरायनं वाहाचा असते. माहे लेकरं म्हणून सांगतलं मी देवाले. आता देवापुढं खोटी पडू?"

हरिदासभाऊनं सीताले हाक मारली. त्याचा अंगठा धरल्याबिगर जे पोट्टी झोपत नव्हती, ते बायनाबाईच्या लुगड्यामागं लपली. भाऊचं तोंड उतरलं. मले त्या बाईचा असा राग आला, काय सांगू! पण भाऊ तिथंच खाली बसला, डोळे पुसले, आन् एकदम असा हसला का अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. "बुडालं ना वो बालगृह, गिरजाबाई! एकदाचं बुडालं!"

घरोघर तेच. कोनी म्हणे, पोट्टी मले माय म्हणते, कशी सोडू? कोनी भांडाले उठलं. भाऊ सगळ्यायसंगं भांडला बी, आन् सगळ्यायच्या घरी च्या बी पेला.

सोमवारी ट्रक आला. साहेब उतरले. "मुलं कुठे आहेत?"

"घरी गेले, साहेब."

असं बोलाले त्याले जन्मात पयल्यांदा भेटलं. छाती फुगवून दोनदा बोलला. साहेब चिडले, कायदा म्हणाले, कागद म्हणाले. "कागद सप्पे करून देतो," भाऊ म्हणे. मंग साहेबानं ओसरीवरच्या त्या दोघायकडं बोट दाखवलं. त्यायले कोनी ठेवून घेतलं नव्हतं. "आणि हे?"

हरिदासभाऊनं दोघायले जवळ ओढलं.

"हे बी घरीच आहेत, साहेब."

ट्रक रिकामा गेला. मी चार जनायचा भात टाकला.